सोंगातून उठताना नाव सांगावे

मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीनंतरच्या पहिल्या गणेशोत्सवात, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता, जळगाव-जामोद तालुक्यातील एका गावी बोर्डाच्या शाळेतील चौदा मुलांनी शाळेच्या आवारात एक संगीत नाटुकले केले. चौदांपैकी दोन मुली होत्या. नाटुकल्यात एक आई मरते. ते पाऊण तासाचे बसवले होते. सव्वा तास चालले. मध्येच उठून कोणी गेले नाही.

गावाचे नाव देत नाही. त्यातील बरीच माणसे हयात आहेत आणि छापून येण्याला त्यांची संमती मी घेतलेली नाही. माणसांची नावेही बदलली आहेत. बाकीचा तपशील माझ्या त्या वेळच्या वहीतला आहे. वहीत नाही ते कोणाकडून कळले हे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

मास्तर होण्यापूर्वी सात वर्षे मी खामगावच्या एका साप्ताहिकात होतो. आधी छापखान्यात खिळे जुळवत असे, मग बातम्या लिहू लागलो. साप्ताहिक बंद पडल्यावर मास्तरकी धरली. पेटी वाजवता येत होती म्हणून हेडमास्तरांनी शाळेचा गणपतीतला गाणी-नाटुकल्यांचा मेळा माझ्या गळ्यात घातला आणि पुढे बदली होईल त्या गावी तो माझ्या मागे आला. निवृत्त होईपर्यंत सव्वीस गणपतींना मी मुलांचा मेळा बसवला. त्यांपैकी अकरा मेळ्यांच्या गोष्टींत कोणी ना कोणी मेलेले होते. लोक पाठीमागे मला ‘मढ्याचा मास्तर’ म्हणत. हे नाव माझ्या कानावर यायला पाच वर्षे लागली. आले तेव्हा राग आला नाही. काम लोकांना नेमके कळले आहे असे वाटले.

मेळा कसा बसतो ते थोडक्यात सांगतो. पदे आधी लिहून मग चाल शोधणारा मास्तर मुलांच्या कामाचा नाही. चाल आधी घ्यायची, तीही मुलांच्या तोंडात असलेली. आमच्याकडे भुलाबाईच्या, म्हणजे वऱ्हाडी भोंडल्याच्या, गाण्यांच्या चाली प्रत्येक मुलाला येतात; मुलगे नाक मुरडतात, पण बहिणींच्या मागे बसून त्यांनी त्या पाठ केलेल्या असतात. चाल ठरली की गोष्ट मुलांना विचारायची. मास्तराने फक्त शब्द मात्रेत बसवायचे. मेलेल्याचे काम कोणाला नेमून द्यायचे नाही, जो मागेल त्यालाच द्यायचे. आणि तालमीत मूल रडू लागले तर ढोलकी थांबवायची नाही. ढोलकी थांबली की सगळे आपल्याकडे पाहत आहेत हे मुलाला कळते आणि ते पळून जाते. ठेका बारीक करून चालू ठेवला तर मूल आपले रडणे आटोपून बरोबर समेवर परत येते. ही शेवटची गोष्ट माझी नाही, इमामभाईंची आहे.

इमामभाई गावातले पिंजारी. कापूस पिंजायचे आणि गावात कोणाचेही लग्न असो, ढोलकी वाजवायचे. मानमोडीत त्यांचा धाकटा मुलगा गेला. साथीबद्दल जास्त लिहीत नाही, सरकारी अहवाल उपलब्ध आहेत. हजेरीपटावर नावे कमी करण्यासाठी लाल शाई दोनदा भिजवावी लागली, एवढे पुरे.

शाळा पुन्हा भरू लागली तेव्हा मधल्या सुट्टीत मुलांनी एक नवा खेळ काढला. त्याला ती ‘मढं-मढं’ म्हणत. एक जण निजे, चौघे त्याला हातापायांना धरून उचलत, बाकीचे रडत मागे चालत. निंबाच्या झाडाला एक फेरी झाली की मढे ताडकन उठे आणि सापडेल त्याला शिवे. ज्याला शिवले तो पुढचे मढे. रडणे इतके हुबेहूब होते की रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने डोक्यावरची घागर खाली ठेवून कोण गेले म्हणून विचारले. हेडमास्तरांनी खेळ बंद केला. मुले तो वान नदीवर जाऊन खेळू लागली.

हा खेळ मेळ्यात घ्यावा असे मी ठरवले, यात माझा काही मोठा विचार नव्हता. चोरून चाललेली गोष्ट उघड्यावर आणावी ही छापखान्यातली सवय होती. तरी पहिल्या तालमीला मी घाबरत घाबरत गोष्ट सुचवली, की एका घरची गाय मरते.

तिसरीतला किसना म्हणाला, “मास्तर, गाय काऊन मरते? साथीत ढोरं मेलीच नाही. मानसं मेली.”

“बरं, मग आजी मरते असं करू.”

तेव्हा चंद्री बोलली. “म्हातारी त मरतेच, मास्तर. त्यात काय गानं कराव? माय मरू द्या.”

चंद्रीची आई मानमोडीत, दसऱ्यानंतर चार दिवसांनी गेली होती. हे गावाला माहीत होते. खोलीतल्या बाकीच्या तेरा मुलांना माहीत होते. चंद्रीला कोणी सांगितले नव्हते.

ते असे झाले. चंद्री तेव्हा आठ वर्षांची. ती स्वतः तापात बेशुद्ध होती आणि तिला आत्याच्या गावी नेऊन ठेवले होते. आठवड्याने घरी परतली तेव्हा तिचे वडील पुंजाजी यांनी सांगितले की माय मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, मामाकडे गेली आहे, आजी आजारी आहे, येईल. वैद्याने धक्का देऊ नका म्हटले होते. चार दिवसांचे खोटे होते, ते अकरा महिने चालले. गावाने ते पाळले. मुलांनीही पाळले. ‘मढं-मढं’ खेळताना चंद्री आली की मुले दुसरे काही खेळत. एवढे मोठे गुपित चौथीच्या आतल्या मुलांनी इतके दिवस राखल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

यात माझा भाग असा. पुंजाजी लिहिणे जाणत नव्हते. संक्रांतीला ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मास्तर, पोरगी रोज विचारते. मायचं एखांदं पत्र लिवून द्या.” मी लिहून दिले. शिमग्याला दुसरे, अक्षय तृतीयेला तिसरे. पाकिटावर टपालाचा शिक्का नसणार, तेव्हा पत्र गाडीवानाबरोबर आले असे सांगा, ही सूचनाही माझीच. साप्ताहिकात असताना दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय मी बातमी सोडत नसे. ती तीन पत्रे मी अर्ध्या अर्ध्या तासात लिहिली आणि चंद्रीला मीच वाचून दाखवली. ती बाराखडी शिकत होती. शिकवणाराही मीच होतो.

तेव्हा आई मरू द्यायची की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे होता. नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते. मी हो म्हटले. आईचे काम किसनाने मागितले. मुलीचे काम अर्थात चंद्रीला मिळाले, कारण मेळ्यात तिच्याइतका उंच आणि स्वच्छ आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता. मुलींना मेळ्यात घेतल्याबद्दल गावात कुरकुर झाली होती. चंद्रीचे पहिले पद ऐकल्यावर ती थांबली.

पदाच्या पहिल्या ओळी मुलांनी आणल्या:

माय गेली कोन्या गावा, बोरी-बाभळी सांगा।
वाटंवरल्या वाटसरा, थांबा, मले सांगा॥

यावर बाभळीने उत्तर द्यायचे होते. मी लिहिले: ‘दिवाळीच्या दिव्यासंगं माय येईन घरी’. मात्रा बिनचूक बसली होती. इमामभाईंनी एकदा वाजवले आणि ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.

“मास्तर, ही ओळ बेसूर हाय.”

“पेटीवर लावून पाहा. सूर बरोबर आहे.”

“पेटी बरोबर हाय. पेटीले काय मालूम?”

मुले हसली. मी ओळ तशीच ठेवली. आठवडाभर ती तशीच म्हटली गेली.

दुसऱ्या आठवड्यात मी सर्वांना पदांचे कागद लिहून दिले. इथे छापखान्यातली एक बारीक गोष्ट सांगणे भाग आहे. हाताने लिहिलेला ‘ख’ खिळे जुळवणाऱ्याला ‘रव’ दिसतो, आणि ‘खरा’चा ‘रवरा’ होऊन छापला जातो. हे टाळण्यासाठी मी ‘ख’च्या दोन्ही पायांना खालून एक रेघ जोडून देत असे. गावात ही सवय दुसऱ्या कोणालाही नव्हती.

चंद्रीने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “मास्तर, मायच्या पत्रातला ख असाच हाय. खालून बांधलेला.”

मी म्हणालो, “मोगलाईतही शिकलेली माणसं असतात.”

“हाव,” ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून आपल्या जागी बसली.

तालीम संपल्यावर इमामभाई मागे थांबले. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे होते आणि एरवी मला तालमीपलीकडे काही सांगत नसत.

“कितवं खोटं हे?”

“चौथं.”

“तुमी लोकं लेकराइले समजता काय? माह्या मोठ्याले म्या भावाच्या कबरीवर तीन मुठी माती टाकाले लावली. सात वर्साचा हाय. लय रडला. रडू देल्लं. आता तो भावाचं नाव घेते, त्याच्या गोट्या खेळते, त्याच्यावानी बोलून दाखवते. अन् ही पोरगी पाहा. अकरा महिने झाले, आता माय कवा येते हे विचारतच नाही. काऊन? तिले भ्या वाटते का विचारलं त कोनी खरं सांगून देईन.”

“म्हणजे तिला माहीत आहे असं तुमचं म्हणणं?”

“मले काय मालूम? तिले विचारा. नाही त तिच्या बापाले विचारा.”

तिला खरोखर माहीत होते की नाही, हे मी आजही खात्रीने लिहू शकत नाही.

मी बापाला विचारले. पुंजाजी वखराला पास, म्हणजे लोखंडी पाते, बसवत होते. त्यांनी काम थांबवले नाही.

“म्या सांगाले जातो, मास्तर. दोनदा गेलो. तोंड उघडलं अन् तोंडातून निघालं, दिवाईले येईन. तुमीच सांगा.”

“मी सांगणं बरोबर नाही. तुम्ही बाप आहात.”

“पत्रं लिवनं बरोबर होतं?”

पास ठोकता ठोकता त्यांनीच पुढे विचारले, “नाटकात कोन मरते म्हने?”

“आई.”

“हे कोनाचं डोकं?”

“चंद्रीचं.”

पास हातातून निसटला. तो त्यांनी उचलला, पुन्हा बसवला. “मंग होऊ द्या. पन मले समोर बसवू नका. मी फाटकापाशी उभा राहीन.” आणि मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाले, “वर्ससराध मी भावाच्या गावी ठरवलं होतं, मास्तर. तिले दिसू नये म्हनून. मले तिथं अन्न उतरलं नसतं.”

त्याच संध्याकाळी मी बाभळीची ओळ बदलली:

त्या गावाची वाट एकच, परत वाट नाही।
हाका मारून पाह्य तरी, ओ येनार नाही॥

दुसऱ्या दिवशी ही ओळ मी मुलांना दिली. इमामभाईंनी ढोलकीची दोरी ताणली आणि वाजवायला घेतले. चंद्रीने ओळ दोनदा वाचली आणि मग इतरांबरोबर म्हटली. रडली नाही.

आता अडचण उरली ती तुळशीराम बुढ्याची. तरुणपणी तो दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, बायकांची सोंगे घेई. म्हातारपणी पाय गेले होते, पण तालमीला रोज हजर. एका कोपऱ्यात बसून चुका काढी. किसनाला लुगड्यात चालायला त्यानेच शिकवले. “बे, बाई हाय तू, बैल नोहे. पाऊल टाकाले जागा मांगून घे जमिनीची,” अशी त्याची शिकवण्याची भाषा. प्रयोगाला आठ दिवस राहिले तेव्हा त्याने अट घातली. मेल्याचे सोंग घेणाऱ्याने खेळ संपण्याआधी लोकांसमोर उठायचे, तोंडावरचे पांघरूण काढायचे आणि आपले आणि बापाचे नाव मोठ्याने सांगायचे. दंडारीत हे पाळले जाते.

“नाही त काय होते?” मी विचारले.

“जम येते पाहाले. त्याच्या वहीत गावाचं नाव लिवलेलं असते, मानसाचं नाही. जो निजलेला दिसला तो नेते. म्हनून सांगाव लागते, मी अमका, मी सोंग हावो.”

मी म्हणालो, पडद्यामागे सांगू. तो म्हणाला, पडद्यामागे यम येतो का? मी हेडमास्तरांकडे गेलो. ते पाटलांकडे गेले. पाटील बुढ्याच्या बाजूचे निघाले. शेवटी किसनाची आई शाळेत आली. “माह्यं एकच उरलं हाय, मास्तर. नाव सांगू द्या त्याले. तुमचं काय जाते?”

माझे काय जात होते ते तिला सांगता येईना. मुलांच्या खेळात मढे उठते. आमच्या पदात बाभळी सांगते की त्या गावाहून कोणी येत नाही. आणि त्यानंतर लगेच, सगळ्या गावासमोर, आई उठून उभी राहणार. जिला अकरा महिने माय येईल म्हणून सांगितले, ती मुलगी दोन हातांवर उभी राहून हे पाहणार. ज्यासाठी ओळ बदलली ते सगळे एका क्षणात पुसले जाणार, असा माझा हिशेब होता. किसनाच्या आईपुढे माझे चालले नाही. मी अट मान्य केली, मनाविरुद्ध केली, आणि वहीत तसे लिहून ठेवले.

पुढची हकीकत सांगण्यापूर्वी नंतरच्या दोन मेळ्यांचा उल्लेख करतो, कारण नाव सांगण्याची ही अट मी त्यांतही सोडली नाही. बारा वर्षांनंतर साखरखेर्ड्याजवळच्या एका गावात मी बदलून गेलो होतो. तिथे दोन मित्र विहिरीवर पोहायला गेले, एकच परत आला. तो मुलगा वर्गात येई, पण बोलत नसे. मेळ्यात आम्ही पाच मुले हात धरून गोल उभी केली आणि त्या गोलाला विहीर म्हटले. त्याने आपण होऊन विहिरीत उभे राहण्याचे काम मागितले. गोष्टीतला मित्र विहिरीला विचारतो, तू त्याला काऊन घेतलं? विहिरीचे उत्तर मी लांबलचक लिहिले होते. त्या मुलाने ते खोडायला लावले आणि चार शब्द सांगितले: “मले हात नाहीत रे.” तेच प्रयोगात राहिले. ते शब्द माझ्या नावावर धरले जातात. ते माझे नाहीत.

दुसऱ्या मेळ्याचे गिऱ्हाईक मेहकरकडचे एक मोठे जमीनदार. त्यांची नात गेली होती. त्यांनी रेशमी झगा आणि कागदाचे पंख करवून पाठवले आणि नात स्वर्गात झोपाळ्यावर बसली आहे असे दाखवा म्हणाले. मी म्हटले, मी स्वर्ग पाहिलेला नाही, त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. ते म्हणाले, “तुम्ही मेळा बसवता की पंचनामा करता?” मी म्हटले, दोन्ही. ते रागावून गेले, पण प्रयोगाला येऊन बसले. पंख आम्ही गोष्टीतल्या पोपटाला लावले.

शिक्षणखात्याचे एक डेप्युटीही एकदा तालमीला आले होते. हा विषय वेळापत्रकात कोणत्या सदराखाली बसतो, एवढेच त्यांनी विचारले. हेडमास्तर म्हणाले, कवायत.

तर, प्रयोग. बैलगाड्यांच्या ताट्या उभ्या करून मागची बाजू केली होती. ऊन पुरेसे होते. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मुले पुढे. वरवट बकालहूनही काही माणसे गाडी जुंपून आली होती. पुंजाजी फाटकापाशी उभे होते. तुळशीराम बुढ्याला दोघांनी उचलून आणून पहिल्या रांगेत ठेवले होते.

पहिला भाग नीट झाला. किसनाने लुगडे सांभाळले. आई दळते, पोरीची वेणी घालते, पोरीला मारते, मग जवळ घेते. बायका हसल्या, कारण मारणे त्यांच्या ओळखीचे होते. मग ताप. आई निजते. मुले तिच्यावर पांढरे धोतर पांघरतात. बायकांच्या बाजूला रडणे सुरू झाले. मी पेटीवर असल्यामुळे मागे पाहू शकलो नाही. मला ते फक्त ऐकू आले.

आता चंद्रीचे पद होते. तिने ‘माय गेली कोन्या गावा’ म्हटले. बाभळी झालेल्या मुलांनी उत्तर दिले: परत वाट नाही. पुढची ओळ, ‘हाका मारून पाह्य तरी’, बाभळीचीच, पण मी ती चंद्रीला एकटीला दिली होती. ती थांबली. मी पेटीवर सूर धरून ठेवला. इमामभाईंनी ठेका बारीक केला आणि चालू ठेवला. माझे घड्याळ पेटीवर होते. चार मिनिटे नुसता सूर आणि ठेका चालू होता. लोकांना वाटले असेच बसवले आहे.

चार मिनिटांनी चंद्रीने हाक मारली. ती पदात नव्हती. “माय! ओ माय!” तीन वेळा. ओ आली नाही. धोतराखाली किसना निपचित पडून राहिला. त्याला नंतर मी त्याबद्दल शाबासकी दिली. मग चंद्रीने ओळीचा शेवट, ‘ओ येनार नाही’, सम गाठून म्हटला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बुढा ओरडला, “ऊठ बे किसन्या! नाव सांग!”

किसना उठला. धोतर काढले, डोक्यावरचा पदर काढला. खाली त्याची शेंडी उभी राहिली होती. म्हणाला, “मी किसना. माह्या बापाचं नाव सखाराम. मी तिसरीत हावो. मी सोंग हावो.”

पुढे बसलेली लहान मुले खदखदून हसली. त्याची आई बायकांतून उठून उभी राहिली. चंद्री त्याच्याकडे पाहत होती. मी पेटी सोडली. हाच तो क्षण, ज्याची मला आठ दिवस धास्ती होती.

चंद्री दोन पावले पुढे गेली. तिने किसनाच्या छातीवर बोट टेकवले आणि लोकांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली:

“हा किसना उठला. माय नाही उठली.”

हे वाक्य माझ्या वहीत नव्हते. ते कोणी तिला शिकवले नव्हते. मी चौघांना स्वतंत्रपणे विचारून खात्री केली आहे.

मग ती रंगमंचावरून उतरली आणि मुलांच्या रांगांमधून सरळ फाटकाकडे चालत गेली. लोकांनी पाय आवरून वाट दिली. पुढचे मी ऐकले नाही. फाटकाजवळ बसलेले दोघे आणि ढोलकी ठेवून मागोमाग गेलेले इमामभाई, अशा तिघांनी मला ते सांगितले आणि तिघांचे शब्द जुळतात.

ती म्हणाली, “बा, माय नाही उठनार ना?”

पुंजाजी म्हणाले, “नाही.”

ती म्हणाली, “मंग मोगलाईत नाही ना ती?”

ते म्हणाले, “नाही व माय. वानेच्या काठी हाय. मी दाखवीन तुले.”

खेळ संपला नव्हता. बाभळींचे शेवटचे पद बाकी होते. मुले माझ्याकडे पाहू लागली. मी पेटीवर बोट ठेवले, इमामभाई परत येऊन बसले आणि मुलांनी ते पद चंद्रीशिवाय म्हटले. एकही चूक झाली नाही. सव्वीस वर्षांत मला कशाचा अभिमान वाटला असे कोणी विचारले तर मी त्या पदाचे नाव सांगतो. तेरा मुले, वय सात ते अकरा, आणि एकानेही ताल सोडला नाही.

तुळशीराम बुढ्याकडे मी त्याच संध्याकाळी गेलो आणि चूक कबूल केली. नाव सांगण्याची अट मी खुळचटपणा समजत होतो. सोंग उठते आणि मेलेले उठत नाही, या दोन गोष्टी मुलाच्या डोळ्यांसमोर वेगळ्या करण्याचा यापेक्षा सरळ मार्ग मला त्यानंतरही सापडलेला नाही. बुढा म्हणाला, “तुमी शिकले सवरले, तुमाले उशिरा समजते.” आणि किसना पाऊल अजूनही बैलासारखे टाकतो, अशी तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या सकाळी, चंद्री शाळेत आली. सुट्टी होती; मी वाद्ये आवरत होतो. पहाटे बापाबरोबर नदीवर जाऊन आल्यामुळे तिच्या पायांना ओला गाळ होता. मी तिला सांगितले, “ती तीन पत्रं मी लिहिली. ती आईची नव्हती. मी चूक केली.”

“मले मालूम हाय,” ती म्हणाली. “ख.” तिने पोलक्यातून तिन्ही पत्रे काढून पेटीवर ठेवली. “हे तुमचे. ठेवा.” मग म्हणाली, “एकात लिवलं होतं, वेनी रोज घालत जाय. ते कोनं सांगतलं तुमाले? माय असंच म्हने.”

मी खरे ते सांगितले. मला कोणी सांगितले नव्हते. सगळ्याच आया असे म्हणतात म्हणून लिहिले होते. तिने मान हलवली आणि ते एक पत्र परत घेतले. उरलेली दोन माझ्याकडे आहेत.

वर्षश्राद्ध त्या वर्षी दसऱ्यानंतर झाले. ते पुंजाजींच्या भावाच्या गावी ठरले होते. ते गावातच, पुंजाजींच्या घरी झाले. मला आणि इमामभाईंना बोलावणे होते. आम्ही दोघे गेलो. मेळ्यातली मुले ओसरीवर पंगतीला बसली होती. किसनाने भात दोनदा मागितला. वाढायला चंद्री होती.